नाडी पाहावी कीं श्वास?

गेल्या वर्षीं माझ्या धाकट्या बंधूंच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. आदल्या दिवशीं भूल देणाऱ्या डॉक्टरांनीं आम्हांला जवळ बसवून आपलें काम समजावून दिलें. छातीवर हृदयाचा विद्युत्-आलेख घेणाऱ्या तारा; मनगटाच्या धमनींत बारीक नळी, तिच्यावाटे ठोक्याठोक्याचा रक्तदाब पडद्यावर उमटणार; बोटाला रक्तांतील प्राणवायु मोजणारा चिमटा; बाहेर पडणाऱ्या श्वासांतील कार्बन डायॉक्साइड मोजणारें यंत्र; आणि अन्ननलिकेंत उतरविलेली एक शलाका, जी ध्वनिलहरींच्या योगें चालत्या हृदयाचें चित्र दाखविते. मीं विचारलें, “यांत मुख्य कोणतें?” ते हसून म्हणाले, “मास्तर, सगळींच.” हें उत्तर ऐकतांच मला हैदराबाद आठवलें. याच प्रश्नावर तेथें एके काळीं मोठा वाद पेटला होता.

वादाचें मूळ एडिंबरोचें. १८४७ च्या नोव्हेंबरांत जेम्स यंग सिम्प्सन यांनीं तेथें क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला. तीन महिनेहि लोटले नाहींत तोंच, २८ जानेवारी १८४८ रोजीं, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नांवाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म हुंगवितांच कांहीं मिनिटांत गतप्राण झाली. काढावयाचें होतें पायाच्या अंगठ्याचें नख! तेव्हांपासून विचारवंतांत दोन तट पडले. हें औषध आधीं श्वास थांबवितें, कीं हृदय? व्हिक्टोरिया राणीला १८५३ सालीं प्रसूतीच्या वेळीं क्लोरोफॉर्म देणारे जॉन स्नो यांचें मत असें कीं, वाफ दाट झाली तर हृदयच थबकतें. उलट एडिंबरोचे जेम्स साइम शिष्यांना बजावीत कीं, श्वासाकडे लक्ष द्या, नाडीच्या नादीं लागूं नका.

या साइमांचे शिष्य एडवर्ड लॉरी पुढें हैदराबादेस रेसिडेन्सी सर्जन होऊन आले. आपल्या मराठवाड्याचे जिल्हे त्या काळीं याच संस्थानांत होते. गुरुवचनावर लॉरींची निष्ठा अढळ होती. १८८८ सालीं त्यांच्या प्रेरणेनें पहिलें क्लोरोफॉर्म कमिशन बसलें, कुत्र्यांवर प्रयोग झाले, आणि श्वास नेहमीं हृदयाच्या आधीं थांबतो असा निर्वाळा मिळाला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्रास तो पटेना. तेव्हां निजाम मीर महबूब अली खान यांनीं एक हजार पौंड देऊं करून, तुमचाच तज्ज्ञ पाठवा, असें कळविलें. १८८९ सालीं लॉडर ब्रंटन आले. मौज अशी कीं, येतांना ते हृदयपक्षाचे होते.

प्रयोग चारशेंहून अधिक प्राण्यांवर झाले. धमनीला जोडलेल्या नळींतील पारा रक्तदाबाप्रमाणें वरखालीं होई, आणि फिरत्या नळकांड्यावरील काजळी धरलेल्या कागदावर त्याची रेघ उमटे. आजच्या पडद्यावरील लाटेची ही आजीच म्हणावयाची. त्याच वर्षीं हैदराबादच्या वैद्यकीय शाळेंतून उत्तीर्ण झालेल्या रूपाबाई फर्दुनजी यांची गणना जगांतील आरंभींच्या स्त्री-भूलतज्ज्ञांत होते. ब्रंटन यांचें मत पालटलें. क्लोरोफॉर्मपासून हृदयाला प्रत्यक्ष धोका नाहीं, असें त्यांनीं ‘लॅन्सेट’ला तारेनें कळविलें. लॉरींचा विजय झाला. पण केंब्रिजच्या गॅस्केल व शोअर यांनीं १८९३ सालीं उलट पुरावा पुढें आणला, आणि मेजावरचे मृत्यु कांहीं थांबले नाहींत.

उलगडा १९११ सालीं झाला. गुडमन लेव्ही यांनीं मांजरांना क्लोरोफॉर्म भरपूर न देतां अगदीं हलकें दिलें, आणि त्या अर्धवट गुंगींत अॅड्रिनलीन टोचलें. भीतीनें आपल्या अंगांत जें द्रव्य वाढतें तेंच हें. तत्क्षणीं हृदयाचे खालचे कप्पे एकजीव आकुंचन पावण्याऐवजीं नुसते थरथरूं लागले. रक्त पुढें ढकललें जाईना, मांजर मेलें. आइंटहोवेन यांच्या विद्युत्-आलेखयंत्रामुळें हा थरकाप कागदावर ओळखतां येऊं लागला होता. हॅनाच्या मृत्यूच्या ज्या उपपत्ति पुढें मांडल्या गेल्या, त्यांत ही एक होय. हैदराबादच्या प्राण्यांना गाढ भूल दिली जाई. तींत श्वास आधीं थांबतो हें लॉरींचें निरीक्षण खरेंच होतें. भ्यालेला रोगी, पहिले चार श्वास, भीतभीत दिलेलें औषध, ही स्थिति त्यांच्या प्रयोगशाळेंत फारशी आलीच नाहीं. श्वासावर नजर खिळविण्याची त्यांची शिकवण उपकारकच ठरली असेल. नाडी सोडा, हें मात्र मला क्षम्य वाटत नाहीं.

नाडी आणि श्वास दोन्ही नाहींत, अशी वेळहि पुढें आली. ६ मे १९५३ रोजीं फिलाडेल्फियांत जॉन गिबन यांनीं एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयांतील छिद्र बुजविलें. त्या वेळीं सव्वीस मिनिटें हृदयाचें व फुप्फुसांचें सारें काम यंत्रानें केलें. सांप्रत अशा शस्त्रक्रियेंत बहुधा पोटॅशियमयुक्त द्रावणानें हृदय मुद्दाम थांबवितात. आलेखाची रेघ सपाट होते. यंत्र रक्त फिरवीत असतें. दाब असतो, पण ठोका नसतो. काम संपून हृदयाला पुन्हां रक्त मिळूं लागलें म्हणजे कित्येकदां तें प्रथम थरथरतें. लेव्हींनीं मांजरांत पाहिलेला तोच थरकाप! विजेचा एक हलका धक्का देऊन तो मोडतात.

बंधूंचें हृदयहि तसेंच थरथरलें होतें, आणि एका धक्क्यांत ठोक्यावर आलें, असें डॉक्टरांनीं संध्याकाळीं बाहेर येऊन सांगितलें.