'एपिऊसिओस': एका विशेषणाचा अर्थ आणि एका पपायरसची साक्ष

मत्तय (६:११) व लूक (११:३) यांच्या शुभवर्तमानांतील प्रभूच्या प्रार्थनेत भाकरीला 'एपिऊसिओस' हे ग्रीक विशेषण लावलेले आहे. तिसऱ्या शतकातील ओरिगेन स्वतः ग्रीक भाषक. परंतु हा शब्द ना विद्वानांच्या लेखनात आढळतो ना लोकांच्या बोलीत, तो शुभवर्तमानकारांनीच घडविलेला दिसतो, असे त्याने नोंदविले आहे. साहजिकच अर्थनिश्चितीची सारी भिस्त व्युत्पत्तीवर येते. 'एपि' व 'ऊसिआ' (अस्तित्व) असा विग्रह केल्यास 'जगण्यास आवश्यक' असा अर्थ निघतो. मात्र ग्रीक संधिनियमानुसार 'एपि'मधील अंत्य 'इ' स्वरापुढे सामान्यतः लोपतो. येथे तो टिकून आहे. 'पुढे येणे' या अर्थाच्या 'एपिएनाइ' या क्रियापदापासून व्युत्पत्ती मानल्यास ही अडचण उरत नाही. त्याच क्रियापदाचे 'एपिऊसा' हे रूप प्रेषितांच्या कृत्यांत 'दुसरा दिवस' या अर्थी येते. जेरोमने लॅटिनमध्ये मत्तयासाठी 'सत्त्वातीत' अशा अर्थाचा शब्द योजला, लूकमध्ये मात्र 'दैनंदिन' हाच जुना प्रतिशब्द राहू दिला. पुढे तोच रूढ झाला, मराठीतही.

या रूढ अर्थाला १८८९ मध्ये बाहेरचा पुरावा मिळाल्यासारखे वाटले. फ्लिंडर्स पेट्री यांना इजिप्तमधील हवारा येथे सापडलेल्या एका खर्चाच्या यादीत ए. एच. सेस यांनी 'एपिऊसि' अशी अक्षरे वाचली. 'रोजचा शिधा' हा अर्थ त्यावरून पक्का मानला जाऊ लागला. पुढे मूळ पपायरसच गहाळ झाल्याने पडताळणी अशक्य बनली. १९९८ मध्ये तो येल विद्यापीठाच्या संग्रहात आढळला. नाइमन व वोर्प यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फेरवाचनानुसार तेथील शब्द 'एलाइऊ', म्हणजे 'तेलाचा', असा आहे.