पेटीतून आलेला ट्रक

सी६०एल. ऐकून एखाद्या गोळीचं नाव वाटेल, पण हा ट्रक आहे. नाव उलगडायला सोपं. सी हे शेवरोलेच्या इंग्रजी नावातलं पहिलं अक्षर. ६० म्हणजे साठ हंड्रेडवेट. वीस हंड्रेडवेटचा एक ब्रिटिश टन, म्हणून साठाचे तीन टन. एल म्हणजे लांब चासी. हाच ट्रक फोर्डने बनवला की त्याचं नाव एफ६०एल. दोन्ही कंपन्या कॅनडातल्या, एकमेकींच्या कट्टर स्पर्धक, पण दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आराखडे वाटून घेतले आणि जवळजवळ एकाच चेहऱ्याचे ट्रक बनवले. या सगळ्या कुटुंबाला कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न म्हणतात. शौकीन मंडळी नुसतं सीएमपी म्हणतात.

गेले तीन महिने रविवार दुपारी मी या ट्रकची १/३५ प्रमाणातली प्रतिकृती जोडतो आहे. हे पस्तिसाचं प्रमाण कुठून आलं, याची गोष्ट गमतीची आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तामिया या जपानी कंपनीने चालता रणगाडा बनवला. आत मोटर आणि बॅटऱ्या बसायला हव्यात एवढ्याच हिशोबाने त्याचा आकार ठरला. नंतर मोजलं तर तो साधारण १/३५ निघाला, आणि पुढे जगभर तेच प्रमाण रूढ झालं. खऱ्या सी६०एलच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १५८ इंच, म्हणजे चार मीटरच्या किंचित वर. ३५ने भागलं की साडेअकरा सेंटिमीटर. तीन टन माल वाहणारा ट्रक पुस्तकांच्या कपाटात एका खणात मावतो.

खोका उघडला की ट्रक दिसत नाही. दिसतात राखाडी प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यांना लगडलेले शेकडो तुकडे. प्रत्येकाला क्रमांक. सोबत आकृत्यांची पुस्तिका: १४ घ्या, १५ला चिकटवा, वाळू द्या. आधी चासी, मग कमानपाटे, मग ॲक्सल, मग इंजिन, केबिन आणि सगळ्यात शेवटी मागचा हौदा. तुकडा कापा, काठ पॉलिश पेपरने घासा, ब्रशने पातळ सिमेंट लावा. या कामाला बुद्धी थोडी लागते आणि सबुरी फार.

हे करताना एक गोष्ट लक्षात आली आणि मग डोक्यातून जाईना. खरा सी६०एलसुद्धा भारतात असाच आला होता. खोक्यात, तुकड्यांत, सोबत जोडणीच्या सूचना.

*

मे-जून १९४० मध्ये डंकर्कहून ब्रिटिश सैन्य परतलं, पण गाड्या फ्रान्समध्येच राहिल्या. साठ हजारांहून जास्त वाहनं टाकून द्यावी लागली. ब्रिटनमधले कारखाने विमानं आणि तोफांनी भरलेले. अशा वेळी ओंटारिओ प्रांतातल्या ओशावा आणि विंडसर या गावांना महत्त्व आलं: ओशावात जनरल मोटर्स, विंडसरमध्ये फोर्ड. जेमतेम सव्वा कोट वस्तीच्या कॅनडाने युद्ध संपेपर्यंत आठ लाखांवर लष्करी वाहनं बनवली. त्यांतली चार लाखांच्या आसपास सीएमपी होती.

हा ट्रक दिसायला बेढब आहे. नाक चेपलेलं, बॉनेट आखूड. पण त्या बेढबपणामागे हिशोब आहे. नाक आखूड केलं की तेवढ्याच लांबीत हौदा मोठा मिळतो आणि बोटीवर जागा कमी लागते. त्याची किंमत चालक मोजतो: इंजिन केबिनमध्ये घुसतं, पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि उन्हाळ्यात शेजारी भट्टी पेटल्यासारखं होतं. मॉडेलमध्ये हे फार स्पष्ट कळतं. शेवरोलेचं सहा सिलिंडरचं, ८५ अश्वशक्तीचं इंजिन बसवून झालं आणि वर केबिनची तळफळी ठेवली, तेव्हा पेडलांसाठी उरलेली फट पाहून मी त्या चालकाच्या गुडघ्यांचा विचार करू लागलो.

नंतरच्या, तेराव्या क्रमांकाच्या केबिनमध्ये आणखी एक गंमत आहे. समोरची काच उलटी कललेली: वरची कड पुढे, खालची मागे. नवख्याला वाटतं, तुकडा उलटा लागला. कारण असं, की सरळ काचेवर ऊन चमकलं तर वर घिरट्या घालणाऱ्या विमानाला ती लुकलुक कित्येक मैलांवरून दिसते. काच खाली झुकवली की चमक जमिनीकडे जाते. चाकांचे रिम दोन तबकड्यांचे, कडेने बोल्ट लावून जोडलेले. टायरमध्ये हवा असताना हे बोल्ट सोडले तर तबकडी उडून माणूस मरू शकतो, म्हणून त्यांच्यावर लाल रंग देत. ते लाल ठिपके टाचणीच्या टोकाने द्यायचे. एका चाकाला अर्धा तास.

*

जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला कारखाना काढला १९२८ साली. फोर्ड त्याआधी दोन वर्षं भारतात आली होती. कारखाना म्हणायचं, पण काम जुळवणीचं. सुटे भाग बोटीने येत, इथे जोडले जात, रंग लागे, गाडी बाहेर पडे. कर कमी, बोटीचं भाडं कमी, मजुरी स्वस्त. युद्ध आलं तेव्हा ही व्यवस्था तयारच होती. कॅनडातून येणाऱ्या लष्करी ट्रकांचे खोके या दोन कंपन्यांच्या भारतातल्या कारखान्यांत उघडले गेले आणि ट्रक तिथून सैन्याकडे गेले.

इथे मराठी वाचकाला १४ एप्रिल १९४४ आठवणं स्वाभाविक आहे. त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन ही बोट फुटली. तिच्यावर कापसाच्या गाठी, सोन्याच्या विटा, चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं आणि खोक्यांत बांधलेली लढाऊ विमानं होती. ही बोटही कॅनडातच बांधलेली. गोदी आणि आसपासची वस्ती जळाली, शेकडो माणसं मेली, त्यांत ६६ अग्निशामक जवान होते. तो दिवस आपण अपघात म्हणून लक्षात ठेवला, आणि ते योग्यच आहे. पण एक साधी गोष्टही त्यातून कळते: हे युद्ध मुंबईत खोक्यांतून उतरत होतं.

आता मुद्द्याचं. तीन-चार वर्षं जिथे हजारो ट्रक जोडले जात होते, त्या देशाला ट्रक बनवता येत होता का? प्रयत्न चालू होता. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेले विश्वेश्वरय्या १९३०च्या दशकात मोटार कारखान्याची योजना घेऊन फिरत होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती उचलली, अमेरिकेला गेले, क्रायस्लरशी बोलणी केली. सरकारने पाठबळ दिलं नाही. मोटार उद्योग युद्धासाठी आवश्यक आहे असं मानायलाच भारत सरकार तयार नव्हतं. यंत्रसामग्री आणायची तर परवानगी सरकारची, परकीय चलनही सरकारच्याच हातात. सैन्य ट्रकांवाचून अडलं होतं, बोटी पाणबुड्यांच्या तोंडी जात होत्या, तरी ट्रक अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून येणार आणि इथे फक्त बोल्ट आवळले जाणार. वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहनं निघाली १९४७ मध्ये, युद्ध संपून दीड वर्ष उलटल्यावर.

जुळवणी आणि निर्मिती यांतला फरक अर्थशास्त्राच्या पुस्तकात मी वाचला होता. मॉडेल जोडताना तो हाताला समजतो. पुस्तिकेप्रमाणे काम केलं की ट्रक उभा राहतो, पण गिअरबॉक्स त्या जागी का आहे, चासीची पट्टी तिथेच का वाकवली, हे तुम्हाला कुणी सांगत नाही आणि विचारायची गरजही पडत नाही. तुकडा हरवला तर काम थांबतं. कारण साचा तुमच्याकडे नाही.

*

शिवडीहून किंवा कुठूनही निघालेला ट्रक शेवटी माणसाच्या हातात पडतो. भारतीय सैन्य युद्धाआधी दोन लाखांच्या घरात होतं, ते पंचवीस लाखांवर गेलं. वाहतुकीचं काम रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचं. ज्यांचा चाकाशी संबंध बैलगाडीपुरता होता अशा खेड्यातल्या पोरांना गिअर, क्लच, चढावर ब्रेक हे सगळं काही महिन्यांत शिकवून पुढे धाडलं गेलं.

पुढे म्हणजे, उदाहरणार्थ, दिमापूर. रेल्वे तिथवर. पुढे कोहिमावरून इंफाळपर्यंत सव्वाशे मैलांवर डोंगरी रस्ता: एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि पावसाळ्यात रस्ताच वाहून जाणारा. १९४४च्या मार्चअखेर जपान्यांनी तो तोडला. इंफाळ विमानांनी दिलेल्या रसदीवर तगलं. २२ जूनला १०९व्या मैलाच्या दगडापाशी दोन्हीकडच्या तुकड्या भेटल्या आणि रस्ता उघडला. लष्करी इतिहासात ती तारीख विजयाची म्हणून येते. चालकांसाठी त्या तारखेपासून भर पावसात, चिखलात, रोजच्या खेपा सुरू झाल्या.

माणगावात यशवंत घाडगे यांचं स्मारक आहे. इटलीत १० जुलै १९४४ रोजी त्यांनी शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने झेप घेतली आणि तिथेच पडले. नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी पुढच्या वर्षी इटलीतच सेनियो नदीकाठी जखमी साथीदारांना वाचवलं. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, दोघांची नावं शाळेतल्या मुलांना सांगितली जातात. मालवाहू ट्रक चालवणाऱ्यांना सहसा असे चौक मिळत नाहीत. त्यांच्या शौर्याला एक क्षण नसतो. तीच घाटवळणं, तोच माल, आज, उद्या, परवा. अशा कामाचा पुतळा कसा बनवणार?

*

ट्रक उभा राहिला, आता रंग. खोक्यातल्या चिकटचित्रांच्या पानावर कॅनेडियन आणि ब्रिटिश तुकड्यांच्या खुणा होत्या. भारतीय एकही नाही. त्यात कट वगैरे काही नाही. ज्या देशांत ही खोकी विकली जातात त्या देशांच्या खुणा छापतात. पण परिणाम असा होतो की जगभरच्या कपाटांत हा ट्रक नॉर्मंडीला जातो, दिमापूरला क्वचित.

म्हणून खुणा मी हाताने रंगवल्या. ५व्या भारतीय डिव्हिजनचं चिन्ह निवडलं, ते त्या डिव्हिजनच्या प्रवासासाठी: एरिट्रिया, लिबियाचं वाळवंट, मग आराकान, आणि तिथून मार्च १९४४ मध्ये विमानांनी थेट इंफाळला. लढाई चालू असताना एक आख्खी डिव्हिजन एका आघाडीवरून उचलून दुसरीवर नेण्याची ती पहिलीच वेळ. खूणही सोपी, काळ्या चौकोनावर लाल गोळा. एका मडगार्डवर ती, दुसऱ्यावर वाहतूक दलाचा लाल-हिरवा तिरपा चौकोन. अंगाला गडद जंगली हिरवा.

मग चिखल. इथे खरी माती चालत नाही. मातीचा कण कितीही बारीक असला तरी पस्तीसपट लहान जगात तो खडा दिसतो. म्हणून तांबूस आणि राखाडी खडू पॉलिश पेपरवर घासून त्यांची पूड करायची, पातळ वार्निशात कालवायची आणि चाकांच्या कमानीत, फाळक्याच्या कोपऱ्यात, पायरीवर भरायची. जिथे चालकाचा बूट रोज घासतो तिथला रंग खरवडून खालचा धातू दाखवायचा. डाव्या पायरीपेक्षा उजवीकडची जास्त झिजलेली, कारण सुकाणू उजवीकडे. सीएमपीचे ट्रक कॅनडात बनले तरी ब्रिटिश सैन्याच्या मापाने बनले, त्यामुळे आपल्याकडच्या रस्त्यांना ते आपोआप जुळले.

शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ साली बंद झाला. आदल्या वर्षी सरकारने नियम केला होता: टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे असेल त्यांनीच गाड्या काढाव्यात, नुसती जुळवणी चालणार नाही. त्या धोरणाने पुढे काय काय केलं, तीस वर्षं त्याच त्या गाड्या ग्राहकाच्या गळ्यात कशा मारल्या, यावर भरपूर लिहिलं गेलं आहे आणि बरंचसं खरं आहे. पण तो हट्ट आला कुठून, हे खोके उघडणाऱ्या त्या वर्षांकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

पुढचं काम ठरलं आहे. युद्धात भारतात एक चिलखती गाडी बनली होती, व्हील्ड कॅरियर, इंडियन पॅटर्न. चासी आणि इंजिन कॅनडाच्या फोर्डचं, चिलखताचे पत्रे जमशेदपूरच्या टाटांचे, सांगाडा रेल्वेच्या वर्कशॉपमधला. सैनिक तिला टाटानगर म्हणत. अशा साडेचार हजारांवर गाड्या निघाल्या आणि त्या वाळवंटापासून ब्रह्मदेशापर्यंत गेल्या. जुळवणी आणि निर्मिती यांच्या अधेमधे कुठेतरी ती उभी आहे. तिच्यासाठी सीएमपीची एक चासी बाजूला काढून ठेवली आहे. चिलखताचे तुकडे मात्र कुठल्या खोक्यातून काढायचे नाहीत: फोटोंवरून मापं काढायची, पांढऱ्या प्लास्टिकच्या कोऱ्या पत्र्यावर पेन्सिलीने आखायची आणि कापायची.