शंभर डॉलरच्या लॅपटॉपपासून गटाच्या कर्जापर्यंत



जून महिना आला की आमच्या कामणच्या गटांमध्ये कर्जाच्या मागण्या वाढतात. बी-बियाणं, घरावरचे पत्रे, शिलाई मशीन ही कारणं जुनीच. आता त्यांत लॅपटॉपची भर पडली आहे. मुलं कॉलेजला जातात, फॉर्म ऑनलाइन भरायचे असतात, गटाचा हिशेबही हळूहळू वहीतून संगणकावर चालला आहे. हे कर्ज वीस-पंचवीस हजारांचं असतं आणि हप्ते दीड-दोन वर्षं चालतात. कर्ज फिटायच्या आत वस्तू बंद पडली, तर बाई बंद डब्याचे हप्ते भरत बसते. म्हणून आज दुकानातल्या किमतींच्या आधी आपण थोडा इतिहास पाहू. स्वस्त आणि सोपा संगणक करण्याची खटपट बऱ्याच लोकांनी केली, आणि त्या प्रत्येक खटपटीने आपल्याला विचारण्यासारखा एक प्रश्न दिला आहे.

१९८१ साली अमेरिकेत ‘ऑस्बर्न १’ नावाचा संगणक आला. हातात धरून नेता येईल असा संगणक म्हणून तो खूप गाजला. किंमत १,७९५ डॉलर, वजन सुमारे ११ किलो आणि पडदा फक्त ५ इंचाचा. तांदळाच्या दहा किलोच्या पिशवीपेक्षा जड! तेव्हा पहिला प्रश्न असा: हा रोज दप्तरात घालून कोण आणि किती लांब नेणार आहे? कामण रोडला गाडी पकडून वसईला जाणाऱ्या मुलीसाठी दीड किलोच्या आतबाहेरचा लॅपटॉप बरा. घरातच ठेवायचा असेल, तर थोडा जड आणि मोठ्या पडद्याचा चालतो.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संस्था सुरू झाली. तिथे ‘जिस्ट’ नावाचं काम चालायचं. त्या काळी संगणकावर मराठी उमटवायची, तर त्यात वेगळं कार्ड बसवावं लागे. आज प्रत्येक लॅपटॉपमध्ये युनिकोडमुळे मराठी आधीपासूनच असते. फक्त सेटिंगमध्ये जाऊन कळफलक सुरू करायचा. कुणी ‘मराठीचे वेगळे पैसे’ मागितले, तर देऊ नका.

तिसरी गोष्ट बंगळुरूची. २००१ साली तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सिम्प्युटर’ पुढे आणला. हातात मावणारा, आणि लिहिलेलं आपल्या भाषांत वाचून दाखवू शकेल असा. त्यातली खरी कल्पना आपल्या गटासारखीच होती: गावात यंत्र एक, आणि प्रत्येकाकडे स्वतःचं छोटं कार्ड. ज्याचं कार्ड घातलं, त्याची माहिती उघडली. सिम्प्युटर बाजारात फारसा खपला नाही, पण वाटून वापरायचा विचार चांगला होता.

चौथी गोष्ट रायगड जिल्ह्यातली. २००५ साली निकोलस निग्रोपॉन्टे या अमेरिकन प्राध्यापकांनी जाहीर केलं की प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप देऊ. आपल्या केंद्र सरकारने २००६ साली या योजनेला नकार दिला. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज जास्त तातडीची आहे, असं शिक्षण खात्याचं म्हणणं होतं. तरीही २००७ साली कर्जतजवळच्या खैरात धनगरवाड्यातल्या एकशिक्षकी शाळेत वीसएक मुलांच्या हाती हे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. भारतातला त्यांचा पहिला प्रयोग तो. यंत्र विचार करून बनवलेलं होतं. पडदा उन्हात वाचता येई, वीज कमी लागे, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून कळफलक रबराचा होता. पण शंभर डॉलरची किंमत कागदावरच राहिली. कारखान्यातून निघाला तेव्हा तो १८८ डॉलरच्या आसपास पडत होता.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने असे लॅपटॉप लाखोंनी वाटले. २०१२ साली तिथला अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक पडलेला दिसला नाही. लॅपटॉप आला म्हणजे अभ्यास आला असं होत नाही. शिकवणारं आणि विचारणारं माणूस लागतंच.

पाचवी गोष्ट ‘आकाश’ची. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत या टॅबलेटचं उद्घाटन झालं. किंमत सव्वादोन हजारांच्या आसपास, जगातला सर्वांत स्वस्त म्हणून गवगवा झाला. वापरणाऱ्यांच्या तक्रारी मात्र लगेच आल्या: चालतो हळू, बॅटरी लवकर उतरते, पडदा जोराने दाबावा लागतो. पुढे हे काम पवईच्या आयआयटी मुंबईकडे आलं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारलेला ‘आकाश २’ निघाला. किंमत कमी करताना नेमकं काय कापलं, हे विचारायला ‘आकाश’ने शिकवलं.

आता या सगळ्यावरून दुकानात काय विचारायचं?

एक, मेमरी, म्हणजे रॅम किती? घरातल्या कामाला ८ जीबी असावी. ४ जीबीचा स्वस्त मिळतो, पण दोन-तीन गोष्टी एकदम उघडल्या की अडतो. रॅम पुढे वाढवता येईल का, तेही विचारा. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच जोडलेली असते, मग वाढवता येत नाही.

दोन, साठवण कसली? एसएसडी मागा, निदान २५६ जीबीची. जुन्या फिरत्या हार्डडिस्कपेक्षा ती पुष्कळ वेगवान असते आणि धक्क्याने सहसा बिघडत नाही.

तीन, बॅटरी. पावसाळ्यात वीज गेली की किती तास चालेल? नवी बॅटरी मिळते का आणि केवढ्याला? हे बिल करण्याआधीच विचारा.

चार, वापरलेला घेत असाल तर त्याचं वय. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवर चालतं. त्याहून जुना लॅपटॉप स्वस्त मिळाला, तर त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली घालता येते. लिहिणं, हिशेब, इंटरनेट एवढं काम तिच्यावर नीट होतं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये अशा मोफत सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही आहेत.

पाच, पक्कं बिल आणि दुरुस्ती. बिलावर लॅपटॉपचा अनुक्रमांक लिहून घ्या. वॉरंटी कुठे पाळली जाईल तेही विचारा. दुरुस्तीला मुंबईला जावं लागलं, तर गाळ्यावर कामाला जाणाऱ्या बाईचा एक खाडा पडतो. तो खर्चही किमतीतच धरा.

आणि शेवटचा प्रश्न आपल्या गटाने स्वतःला विचारायचा: प्रत्येक घरात एक हवा की पाच घरांत मिळून एक पुरेल? रोज अभ्यास करणाऱ्या मुलीला स्वतःचा लागेल. पण वर्षातून चार वेळा फॉर्म भरायचे असतील, तर गटाचा एक लॅपटॉप, वेळेची वही आणि प्रत्येकीचं वेगळं खातं व पासवर्ड एवढ्यात काम भागतं. विंडोज आणि लिनक्स दोन्हींत अशी वेगळी खाती उघडता येतात. सिम्प्युटरच्या कार्डाचं काम आता या पासवर्डने होतं.

पुढच्या बैठकीत लॅपटॉपसाठी कर्जाचा अर्ज आला, की हे प्रश्न मोठ्याने वाचा आणि उत्तरं अर्जाच्या मागे लिहून ठेवा. हप्ता ठरवताना एवढंच बघा की लॅपटॉपचं आयुष्य हप्त्यांपेक्षा मोठं असलं पाहिजे.