काळ्या कातळाचे वय : लखनौच्या संशोधन-परंपरेतील एक प्रकरण

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी लखनौच्या इतिहासावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. लखनौचा इतिहास म्हटला की नबाब, इमामबाडे, ठुमरी, चिकनकाम आणि १८५७ चा रणसंग्राम यांची आठवण प्रथम होते. आपल्या मराठी मंडळींच्या मनात त्यांच्या जोडीला पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे नाव असते. कारण त्यांच्याच पुढाकाराने १९२६ साली येथे संगीताचे महाविद्यालय उभे राहिले. या विषयांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. म्हणून आम्ही थोडी निराळी वाट धरून या नगरीच्या संशोधन-परंपरेविषयी लिहिण्याचे योजिले आहे. त्या परंपरेतील एका प्रकरणाचा संबंध थेट आपल्या सह्याद्रीच्या दगडाशी पोचतो, हे वाचून अनेकांना आनंद होईल, अशी आमची खात्री आहे.

अमजद अली शाह यांचे वजीर इमदाद हुसेन खान अमीनुद्दौला यांच्या नावाने ओळखली जाणारी अमीनाबादची पेठ आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. सणासुदीच्या खरेदीसाठी तेथील गर्दीत शिरला नाही, असा मराठी कुटुंबप्रमुख लखनौत विरळाच. या पेठेस मध्यबिंदू मानून दोन-तीन कोसांचे एक वर्तुळ कल्पावे. पश्चिमेस चौकाच्या बाजूला १९११ पासून चालत आलेले किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय, आजचे वैद्यकीय विद्यापीठ. उत्तरेस कैसरबाग ओलांडली की गोमतीच्या काठी छत्तरमंझिल. नबाबांच्या या प्रासादात १९५१ साली केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली आणि २०१२ साली जानकीपुरम विस्तारातील नव्या वास्तूत जाईपर्यंत तेथेच नांदली. पूर्वेस सिकंदरबागेत १९५३ पासून वनस्पतींवरील संशोधन चालू आहे. नैर्ऋत्येस माणकनगरात १९५७ साली स्थापन झालेली रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संघटना रूळ, डबे आणि इंजिने यांची परीक्षा करीत असते. नदीपलीकडे विद्यापीठ आहे; तेथे राधाकमल मुखर्जी, धूर्जटिप्रसाद मुखर्जी आणि धीरेंद्रनाथ मजुमदार यांनी समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि मानवशास्त्र यांच्या अभ्यासास जे वळण दिले, ते देशभर लखनौचे वळण म्हणून ओळखले गेले. वैद्यक, जीवशास्त्र, अभियांत्रिकी आणि समाजविज्ञान या इतक्या शाखा एका पेठेच्या परिघात क्वचितच आढळतील.

याच विद्यापीठात १९२१ साली वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून डॉ. बिरबल साहनी रुजू झाले. त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी आज पाकिस्तानात असलेल्या भेरा या गावी झाला. लाहोर येथे प्रारंभीचे शिक्षण झाल्यावर त्यांनी केंब्रिज येथे प्राध्यापक सिवर्ड यांच्या हाताखाली पुरावनस्पतिविज्ञानाचे, म्हणजे दगडात टिकून राहिलेल्या प्राचीन वनस्पतींच्या शास्त्राचे, अध्ययन केले. १९३६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस आपले सदस्यत्व दिले. वनस्पतिशास्त्राच्या कुंपणात हा मनुष्य कधीच मावला नाही. रोहतकजवळच्या खोकराकोट येथे १९३६ साली त्यांस यौधेयांच्या नाण्यांचे मातीचे साचे सापडले, तेव्हा त्यांचाही त्यांनी सूक्ष्म अभ्यास केला आणि प्राचीन भारतात नाणी कशी ओतली जात, यावर १९४५ साली स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

आता आपल्या दगडाकडे वळू. रायगड, सिंहगड, अजिंठा, वेरूळ ही सारी ज्या काळ्या कातळात उभी आहेत, आणि आपल्या घरोघरचे जाते व पाटा-वरवंटा ज्यातून घडले, तो दगड म्हणजे थंड झालेला ज्वालामुखीचा रस होय. सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर तो आजही पसरलेला आहे. सह्याद्रीच्या कडांवर त्याचे थर जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसतात, म्हणून पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून भूशास्त्रज्ञांनी त्यास ट्रॅप हे नाव दिले. हा रस एकाच वेळी वाहिला नाही. एक थर पसरून निवल्यावर पुष्कळ काळ विश्रांतीचा जाई. त्या अवधीत खोलगट जागी तळी साचत, काठाला झाडे उगवत; त्यांची पाने, फळे, बिया आणि खोडे चिखलात रुतत. पाण्यात विरघळलेली सिलिका त्यांच्या पेशीपेशीत शिरून त्यांचा दगड होई. मग पुढचा रस येऊन सर्व काही झाकून टाकी. दोन थरांमधील अशा गाळाच्या पट्ट्यांत त्या वेळच्या अरण्याची पाने जशीच्या तशी मिटून ठेवलेली आहेत.

या पट्ट्यांकडे विद्वानांचे लक्ष वेधण्याचे श्रेय नागपुरातील एका स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे जाते. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले. शाळा चालविताना त्यांनी आसपासच्या टेकड्या पालथ्या घातल्या, टाकळी येथील दगडांतून फळे आणि बिया गोळा केल्या आणि सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासमवेत नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लंडनच्या नियतकालिकात १८५५ साली निबंध प्रसिद्ध केला. १८६३ साली टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांचेच नाव चालविते.

पुढे वाद उभा राहिला तो या कातळाच्या वयाचा. भूशास्त्र खात्यातील विद्वानांचे मत असे की, हा रस क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस, म्हणजे डायनोसॉर पृथ्वीवर वावरत असतानाच वाहिला. त्यांच्या मतास आधारही होता. कातळाच्या तळाशी असलेल्या लॅमेटा थरांत, जबलपूर येथे आणि चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे, डायनोसॉरची हाडे मिळाली होती. साहनींना मात्र वनस्पती निराळी साक्ष देत आहेत असे वाटू लागले. १९३४ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी हा प्रश्न जाहीरपणे विचारला : दख्खनचा कातळ क्रिटेशस की त्यानंतरच्या तृतीय युगाचा?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी जे दगड तपासले गेले, त्यांत छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान या गावच्या दगडांचा मोठा वाटा आहे. के. पी. रोडे या भूशास्त्रज्ञांनी तेथील जीवाश्म फळांविषयी १९३३ साली टिपण प्रसिद्ध केले होते आणि १९३७ साली साहनी व रोडे या दोघांच्या नावाने त्या वनस्पतींवर निबंध निघाला. रोडे हे नाव आपल्या कानांस परके वाटण्याचे कारण नाही. नागपूरचे व्ही. बी. शुक्ल यांनी १९४४ साली तेथील एका अश्मीभूत फुलाचे वर्णन करून त्यास साहनींचे नाव दिले. जो दगड वऱ्हाड-नागपुराकडे वाटेत पडलेला दिसला असता तर आपण पायाने बाजूस सारला असता, तो लखनौच्या प्रयोगशाळेत कापला जाई, काचेवर चिकटवून पलीकडचे दिसेल इतका पातळ घासला जाई, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पेशींच्या भिंती स्पष्ट उमटत.

मोहगावच्या फळांत निपा नावाच्या ताडवर्गीय वनस्पतीचे फळ निघाले. निपा आज सुंदरबनासारख्या खाडीच्या चिखलात वाढते. तेव्हा देशाच्या मध्यभागापर्यंत कधी काळी समुद्राचा फाटा आलेला असावा, असा अर्थ निघाला. लंडनच्या चिकणमातीत हीच फळे विपुल सापडतात आणि ती माती तृतीय युगातील आहे. १९४३ साली साहनी आणि एच. एस. राव यांनी येथील अझोला या पाणवनस्पतीचे वर्णन केले. या साऱ्या पुराव्यावरून कातळ तृतीय युगाचा, असा साहनींचा निष्कर्ष होता. १९४० साली मद्रास येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्षीय भाषणही त्यांनी याच विषयावर केले.

या कामास कायमचे घर असावे म्हणून १९४६ साली साहनींनी लखनौत पुरावनस्पतिविज्ञान संस्था स्थापन केली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविली गेली. निरनिराळ्या भूशास्त्रीय काळांतील जीवाश्म बसवून ही कोनशिला साहनींनी स्वतः सिद्ध केली होती. त्यानंतर आठवडा उलटतो न उलटतो तोच, १० एप्रिल रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. भिंती उभ्या राहण्यापूर्वीच संस्थेचा आधार गेला. अशा वेळी त्यांच्या पत्नी सावित्री साहनी पुढे झाल्या. त्यांनी संस्थेची धुरा खांद्यावर घेतली आणि जानेवारी १९५३ मध्ये नव्या वास्तूचे उद्घाटन झाले. पुढे के. आर. सुरंगे यांनी या संस्थेचे संचालकपद भूषविले. ग्लॉसोप्टेरिस या प्राचीन वनस्पतीवरील त्यांचे काम अभ्यासकांत मान्यता पावलेले आहे. २०१५ साली संस्थेचे कार्यक्षेत्र वाढवून तिचे नाव बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था असे करण्यात आले.

साहनींच्या प्रश्नाचे पुढे काय झाले? तो वनस्पतिशास्त्राच्या हातून पदार्थविज्ञानाच्या हाती गेला. कातळ निवताना त्यातील लोहयुक्त कण त्या काळच्या चुंबकीय दिशेस धरून राहतात. त्यावरून १९५६ साली ब्रिटनमधील संशोधकांनी दाखवून दिले की, हा रस वाहिला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. त्यानंतर दगडातील घड्याळ वाचण्याची विद्या हाती आली. पोटॅशियमच्या एका किरणोत्सर्गी प्रकाराचे अतिमंद गतीने आर्गॉन वायूत रूपांतर होते. दगडात अडकलेला हा वायू मोजला की त्याचे वय कळते. १९८८ साली या रीतीने सह्याद्रीच्या थरांचे वय काढण्यात आले आणि २०१५ साली झिरकॉनच्या सूक्ष्म स्फटिकांतील युरेनियम व शिसे मोजून ते अधिक नेमके झाले. मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचे. क्रिटेशस कालखंड संपून नव्या युगास आरंभ झाला तोही हाच काळ. कातळाच्या थरांनी ही सीमारेषा ओलांडलेली आहे.

म्हणजे दोन्ही पक्षांच्या पदरात सत्याचा काही अंश पडला. निपा आणि अझोला यांचे पूर्वज क्रिटेशस काळातही होते, हे नंतरच्या शोधांनी सिद्ध झाले; त्यामुळे साहनींचा युक्तिवाद जसाच्या तसा उभा राहिला नाही. पण म्हणून त्यांचे श्रम वाया गेले, असे म्हणणारा मनुष्य संशोधन म्हणजे काय हे जाणत नाही. त्यांनी प्रश्न धीटपणे मांडला, पुरावा सर्वांस तपासता येईल असा ठेवला आणि दगड जपून ठेवले. ते जपलेले दगड नव्या विद्येला पुन्हा पाहता येतात, पुन्हा तोलता येतात.

हा सारा खटाटोप केवळ कुतूहलापोटी आहे, असेही कोणी समजू नये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपल्यापैकी अनेकांच्या नातलगांनी भोगला आहे. किल्लारीत हजारो माणसे दगावली. त्यानंतर तेथे वेधन केले असता कातळाची जाडी ३३८ मीटर भरली. कोयना परिसरात २०१७ साली तीन किलोमीटर खोल विवर खोदण्यात आले. तेथे कातळ सुमारे सव्वा किलोमीटर जाड निघाला. आपल्या गावांच्या पायाखाली काय आहे, हे जाणण्यासाठी वनस्पतिशास्त्रज्ञ, भूशास्त्रज्ञ, पदार्थवैज्ञानिक आणि अभियंता या सर्वांस एकाच दगडापाशी यावे लागते. त्या गावांतील घरे कशी बांधावीत आणि माणसे पुन्हा कशी वसवावीत, हे सांगण्यास समाजशास्त्रज्ञ आणि वैद्यही हवेतच.

सरकारी नोकरीच्या निमित्ताने आम्ही महाराष्ट्रापासून दूर या नगरीत आलो. आपल्यापैकी बहुतेकांची कथा थोड्याफार फरकाने अशीच आहे. येथे जन्मलेली आपली मुले कधी विचारतात की आपला लखनौशी संबंध काय, आणि कधी विचारतात की महाराष्ट्राशी आपला संबंध आता काय उरला. दोन्ही प्रश्नांच्या उत्तरासाठी आम्ही त्यांस विद्यापीठ मार्गावरील त्या संस्थेत नेण्याची शिफारस करू. आपल्या प्रदेशातील कातळाचे वय विचारणारा प्रश्न पंजाबात जन्मलेल्या एका विद्वानाने लखनौत बसून विचारला, आणि तो सोडविण्याच्या कामी रोडे, सुरंगे यांच्यासारख्यांनी वाटा उचलला.

मंडळाच्या वार्षिक सहलींतून आजवर पुष्कळ प्रेक्षणीय स्थळे पाहून झाली आहेत. येत्या वर्षी एक दिवस संस्थेच्या वस्तुसंग्रहालयासाठी राखून ठेवावा, कोनशिलेतील जीवाश्म मुलांस दाखवावेत आणि ज्या कुटुंबांत विज्ञान शिकणारी तरुण मंडळी आहेत, त्यांनी मोहगावच्या दगडांची हकिकत इतरांस मराठीतून समजावून सांगावी, अशी आमची कार्यकारिणीस नम्र सूचना आहे.