घाशीराम ते हुसैनआरा : मुलांना फौजदारी न्याय सांगताना

दहावी-अकरावीच्या मुलांशी कायद्याविषयी बोलताना एक प्रश्न हमखास येतो. 'सर, गुन्हा केलाच नसेल तर पोलीस कशाला पकडतील?' मोहल्ल्यातली मुले हेच उलट्या बाजूने विचारतात. 'एकदा पकडलं की संपलंच ना?' दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे, पोलिसांनी धरले म्हणजे निकाल लागला. कलमे पाठ करून ही समजूत जात नाही. ती घालवायची तर मुलांना इतिहास सांगावा लागतो.

सुरुवात मी शब्दांपासून करतो. फिर्याद, गुन्हा, वकील, जामीन, मुद्देमाल हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले. आरोपी आणि साक्ष संस्कृतातले. तुरुंग पोर्तुगीजांकडून आला आणि पंचनामा तर 'पंच' व 'नामा' यांच्या मिलाफातून झाला. फौजदारी या शब्दात मुघलांचा फौजदार अजून शिल्लक आहे. आपली न्यायव्यवस्था कोणा एकाने एका दिवसात आणलेली नाही, हे मुलांना इथेच कळते.

मग घाशीराम कोतवाल. तेंडुलकरांच्या नाटकामुळे नाव बहुतेकांच्या कानावर असते. नाना फडणवीसांच्या काळात तो पुण्याचा कोतवाल होता. पकडणे, चौकशी करणे, दंड करणे ही सारी कामे त्याच्याच हाती. 1791 साली त्याने तेलंगी ब्राह्मणांना कोठडीत कोंडले आणि त्यांतले बरेच जण गुदमरून मेले. शहर खवळले. घाशीरामला जमावाच्या हवाली करण्यात आले आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. मी मुलांना विचारतो, यात न्याय कुठे झाला? आधी कोठडीत माणसे मेली ती चौकशीविना आणि नंतर कोतवाल मेला तोही खटल्याविना. कोठडीतला मृत्यू आणि झुंडीने घेतलेला जीव, दोन्ही एकाच गोष्टीत आहेत. आजच्या बातम्यांशी याचा संबंध मला जोडून द्यावा लागत नाही, मुले स्वतःच जोडतात.

त्याच सुमारास बंगालमध्ये वेगळा बदल चालला होता. तिथल्या फौजदारी अदालतींत इस्लामी कायदा चाले आणि काझी-मुफ्ती फतवा देत. खुनाच्या प्रकरणात मृताच्या वारसांना माफीचा किंवा दियत, म्हणजे रक्तमोल, घेण्याचा अधिकार होता. या तरतुदीत करुणा आहे आणि सुडाची साखळी तोडण्याची शक्तीही आहे. पण सरकारी यंत्रणेत धनदांडग्याला गरिबाच्या वारसांवर दबाव आणण्याची वाटही त्यातून मिळू शकते. 1790 मध्ये कॉर्नवॉलिसने फौजदारी कारभार नवाबाकडून कंपनीकडे घेतला आणि पुढच्या काही वर्षांत वारसांच्या माफीने खटला थांबणे बंद झाले. खून हा एका कुटुंबाचा तंटा न राहता राज्याविरुद्धचा गुन्हा झाला. आजही खटल्याच्या कागदावर 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' असे लिहिलेले असते, त्यामागचा विचार हाच. म्हणून फिर्यादीच्या बाजूने सरकारी वकील उभा राहतो.

मात्र राज्य फिर्यादी झाले म्हणजे राज्य न्यायी झाले, असे नव्हे. मद्रास इलाख्यात सारावसुली आणि पोलिसी अधिकार एकाच यंत्रणेकडे होते. तिथे रयतेचा छळ होतो, हे खुद्द सरकारने नेमलेल्या आयोगाने 1855 साली कबूल केले. पुढे 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि 1872 च्या पुरावा कायद्यात नियम आला की पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. हा नियम आज भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. तो गुन्हेगाराचे लाड करण्यासाठी आलेला नाही. मार खाणारा माणूस काहीही कबूल करतो, या अनुभवातून तो आला. पण त्याच ब्रिटिशांनी 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो कलंक कागदावरून 1952 मध्ये पुसला गेला, पण पारध्यांच्या पोराकडे बघणारी नजर अजून पुरती बदललेली नाही. एका समाजावर संशय ठेवण्याची सवय कायद्याने लावता येते, हे आपल्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या कलम 22 ने अटक झालेल्या प्रत्येकाला 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करण्याचे बंधन घातले. तरी 1979 साली बिहारच्या तुरुंगांतले वास्तव बाहेर आले. ज्या गुन्ह्याचा आरोप होता त्याच्या कमाल शिक्षेहून जास्त काळ लोक खटल्याविना आत होते. हे वृत्तपत्रातून मांडले के. एफ. रुस्तमजी यांनी. ते नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले पोलीस अधिकारी होते. त्यावरून वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटल्याला नाव मिळाले कैद्यांपैकी एका बाईचे, हुसैनआरा खातून. न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की लवकर खटला चालणे हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे. हजारो कैदी सुटले.

एका पोलीस अधिकाऱ्याने लिहिले, एका वकिलाने दाद मागितली आणि न्यायाधीशाने ऐकले. इथे मी फळ्यावर चार नावे लिहितो : पोलीस, सरकारी वकील, बचाव पक्षाचा वकील, न्यायाधीश. पोलिसांचे काम तपास करणे. सरकारी वकिलाचे काम सत्य न्यायालयापुढे मांडणे, कसेही करून शिक्षा मिळवणे हे नव्हे. बचावाचा वकील पुराव्याला प्रश्न विचारतो. दोषी कोण, हे मात्र फक्त न्यायाधीश ठरवतो. घाशीरामकडे यांतली बहुतेक कामे एकट्याकडे होती, तिथेच अनर्थ झाला.

आजही देशातल्या दर चार कैद्यांमधले सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा निकाल लागायचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या आकडेवारीत त्यांच्यातले मुसलमानांचे प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा वर्षानुवर्षे जास्त दिसते. यावर नुसती हळहळ करून भागणार नाही. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू झाले आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण मूळ हक्क तेच आहेत. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत मोफत मिळते. अटकेचे कारण सांगावे लागते आणि घरच्यांना कळवावे लागते. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मागता येतो, त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे.

या गोष्टी ठाऊक असलेला मुलगा पोलीस ठाण्यात थरथरत जाणार नाही आणि अरेरावीही करणार नाही. आणि चौकात कुणाला 'चोर' म्हणून घेरलेले दिसले, तर झुंडीत सामील होण्याऐवजी तो आधी विचारेल, 'हे ठरवलं कुणी?' माझ्या मते नागरिकशास्त्राचा खरा धडा एवढाच आहे.