जे बोलू शकले : खेळाडूंच्या नैराश्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

मार्च २००६ मधल्या नागपूर कसोटीचा धावफलक पाहिला, तर इंग्लंडच्या सलामीला एकवीस वर्षांचा ॲलिस्टर कुक दिसतो. पहिल्या डावात ६०, दुसऱ्यात नाबाद १०४. तो मुळात त्या दौऱ्यावर नव्हताच. मायकेल व्हॉन जायबंदी झाला, मार्कस ट्रेस्कॉथिक बडोद्याच्या सराव सामन्यानंतर घरी परतला, आणि वेस्ट इंडीजमध्ये ‘अ’ संघाबरोबर असलेल्या कुकला तातडीने बोलावून घेतले गेले. ट्रेस्कॉथिकच्या परतण्याचे कारण कौटुंबिक असल्याचे सांगण्यात आले. पुढे टीव्हीवरच्या मुलाखतीत त्याने स्वतःही विषाणूसंसर्गाचे निमित्त पुढे केले. खरी हकिकत, म्हणजे चिंता आणि नैराश्य, त्याने २००८ च्या आत्मचरित्रात लिहिली. (त्याच नागपूर कसोटीत माँटी पानेसरचेही पदार्पण होते आणि सचिन तेंडुलकर हा त्याचा पहिला बळी. पुढे आपल्या मानसिक आजाराबद्दल पानेसरही उघडपणे बोलला.)

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत ट्रेस्कॉथिकच्या प्रकरणानेच करावेसे वाटते, कारण या अभ्यासाच्या बहुतेक अडचणी त्यात आहेत. तो नोव्हेंबर २००६ मध्ये ॲशेस दौराही सोडून परतला आणि २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाला. पण सॉमरसेटकडून तो २०१९ पर्यंत खेळत राहिला. म्हणजे आजाराने त्याची फलंदाजी हिरावली नाही. घरापासून महिनोन्‌महिने दूर राहणे त्याला झेपेनासे झाले होते. ‘मनाने कच्चा’ हा आपल्याकडचा लाडका शेरा इथे टिकत नाही. ७६ कसोटी सामन्यांत १४ शतके काढणाऱ्याला कच्चा म्हणायचे, तर पक्का कोणाला म्हणणार?

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने नैराश्य म्हणजे एखादा सामना हरल्यावर आलेली उदासी नव्हे. किमान दोन आठवडे टिकणारी खिन्नता, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, थकवा, एकाग्रता ढळणे, स्वतःला नालायक समजणे अशी लक्षणे एकत्र दिसली की डॉक्टर त्या दिशेने विचार करतात. खेळाडूच्या बाबतीत गुंता असा, की यातली निम्मी लक्षणे अतिसरावानेही होतात. झोप उडालेला, भूक मेलेला, सतत दमलेला धावपटू प्रशिक्षकाला विश्रांतीची गरज असलेला वाटतो आणि तसे असूही शकते. २०१९ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये आलेल्या एका एकत्रित विश्लेषणात, उच्च पातळीवर खेळणाऱ्यांपैकी सुमारे ३४ टक्के आणि निवृत्त खेळाडूंपैकी सुमारे २६ टक्के जणांमध्ये चिंतेची किंवा नैराश्याची लक्षणे आढळली. हे आकडे सगळीकडे उद्धृत होतात. ते वाचताना एवढे ध्यानात ठेवावे, की बहुतेक ठिकाणी ती खेळाडूंनी प्रश्नावलीत स्वतः भरलेली उत्तरे आहेत, डॉक्टरांनी केलेले निदान नव्हे.

म्हणून या क्षेत्राचे मूळ साहित्य अजूनही खेळाडूंची स्वतःची निवेदने हेच आहे, आणि ती वाचण्याची एक शिस्त आहे. खेळाडू काय बोलला याच्याइतकेच तो केव्हा बोलला हे पाहायचे. विराट कोहलीला २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात दहा डावांत १३४ धावा करता आल्या. त्या काळात जगच संपल्यासारखे वाटत होते, कोणाला सांगावे हेही कळत नव्हते, हे तो नोव्हेंबर २०१९ मध्ये इंदूरला बोलला. त्याला निमित्त होते ग्लेन मॅक्सवेलचे, ज्याने आदल्याच महिन्यात ऐन मालिकेत उघडपणे विश्रांती मागितली होती. रॉबिन उथप्पाने २००९ ते २०११ मधले आपले नैराश्य आणि मनात येणारे आत्मघाताचे विचार २०२० मध्ये सांगितले. सोसणे आणि सांगणे यांत पाच, नऊ वर्षांचे अंतर पडते. तेवढ्या काळात कोहली कर्णधार झालेला होता आणि उथप्पाची आंतरराष्ट्रीय कारकीर्द जवळपास मागे पडली होती. संघातली जागा जाण्याची भीती दोघांनाही उरली नव्हती. नाओमी ओसाकाने २०२१ च्या फ्रेंच ओपनमध्ये पत्रकार परिषदा टाळल्या तेव्हा आधी १५,००० डॉलरचा दंड झाला. २०१८ पासून नैराश्याचे झटके येत असल्याचे तिने स्पर्धा सोडताना सांगितले. तेव्हा तिच्या नावावर चार ग्रँड स्लॅम होते.

आपल्या हाती आहेत ती अशी बोलू शकलेल्यांची मनोगते. जे बोलू शकले नाहीत त्यांच्याबद्दल क्वचितच कळते, आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. जर्मनीचा गोलरक्षक रॉबर्ट एन्के १० नोव्हेंबर २००९ रोजी आत्महत्येने गेला. त्याची पत्नी आणि त्याचे डॉक्टर सोडले तर फार थोड्यांना त्याचा आजार ठाऊक होता. हे उघड झाले तर खेळ जाईल, आणि दत्तक घेतलेली मुलगीही आपल्यापासून काढून घेतील, ही भीती त्याला होती. दुसऱ्याच दिवशी तेरेसा एन्के पत्रकारांसमोर बसल्या आणि त्यांनी सगळे सांगितले. जर्मन फुटबॉलमध्ये या विषयावरची चर्चा खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली. २०१० च्या सुरुवातीला त्याच्या नावाने प्रतिष्ठान उभे राहिले. रोनाल्ड रेंग या मित्राने लिहिलेले त्याचे चरित्र, माझ्या मते, या क्षेत्रातले पहिले वाचावे असे पुस्तक आहे. डेव्हिड फ्रिथ यांनी क्रिकेटपटूंच्या आत्महत्यांवर लिहिलेली दोन पुस्तके अधिक प्रसिद्ध आहेत. त्यांतली चिकाटी मोठी आहे, पण खिन्न प्रकरणे एकामागून एक वाचताना कारणमीमांसेपेक्षा नियतीच जास्त दिसू लागते आणि अभ्यासकाने तिच्या आहारी जाऊ नये.

अलीकडे एक बदल दिसतो. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा करून ऑस्ट्रेलियाला हरवले. त्याच स्पर्धेत तिला एका सामन्यातून वगळण्यातही आले होते. सामन्यानंतर ती म्हणाली, की या स्पर्धेत चिंतेने आपण जवळजवळ रोज रडत होतो, आणि मदत मागण्यात काही गैर नाही. चिंता आणि नैराश्य हे दोन आजार आहेत, ते एकात मिसळू नयेत. पण अंतिम सामना पुढे उभा असताना, पंचवीस वर्षांच्या खेळाडूने हे तिथल्या तिथे सांगावे, ही नोंद महत्त्वाची आहे. अर्थात तीही विजयाच्या रात्रीच झाली. शून्यावर बाद झालेली खेळाडू हेच बोलली असती तर आपण कसे ऐकले असते, हा प्रश्न मला सोडवत नाही.

आणि ही सगळी माणसे क्रिकेट, टेनिस, फुटबॉलमधली. तालमीतला मल्ल, जिल्हा संघातली कबड्डीपटू, गुडघा गेल्यावर क्रीडा प्रबोधिनीतून घरी परतलेला मुलगा यांच्यासमोर मायक्रोफोन नसतो. त्यांच्याबद्दल मराठीत जवळपास काहीच लिहिलेले नाही. ते काम आता तुमचे. मात्र मुलाखतीची वही उघडण्यापूर्वी, समोरच्याला गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञ कुठे भेटेल याची सोय करून जा. काहीच सोय नसेल तर निदान टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या हाती द्या. तो विनाशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.