वेळापत्रकाने घडवलेली पुस्तकं

चर्चमध्ये रविवारी मोठ्या माणसांचा बायबल वर्ग घ्यायचा तर कशाच्या आधारावर शिकवायचं, ही अडचण आजची नाही. वर्ग घेणारा बहुधा पाळक नसतो. तो दुकानदार, कारकून, शाळामास्तर असतो, आठवडाभर पोटापाण्याच्या मागे असतो आणि समोर बसलेल्यांत त्याच्याहून जास्त वाचलेली माणसंही असतात. सेमिनरीतून पंडित बाहेर पडले, त्यांनी भाष्यं आणि कोश लिहिले, की ते झिरपत झिरपत अशा माणसापर्यंत पोचतात, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतला एकोणिसाव्या शतकाचा अनुभव त्याला दुजोरा देत नाही. तिथे पंडित आधीपासून होते. शिक्षकाच्या हाती पुस्तकं आली ती पुढच्या रविवारी काय शिकवायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवल्यावर.

त्याआधी प्रत्येक पंथाची, कधी कधी प्रत्येक मंडळीची पाठमाला वेगळी असे. एका वर्गात उत्पत्ती चाले, पलीकडच्या वर्गात रोमकरांस पत्र. शिकागोत धान्य-भाजीपाल्याचा घाऊक व्यापार करणारे बी. एफ. जेकब्स हे बाप्टिस्ट गृहस्थ या गोंधळाविरुद्ध हट्टाला पेटले. सर्व पंथांच्या, सर्व वयांच्या वर्गांत एका रविवारी एकच शास्त्रभाग शिकवावा, ही त्यांची मागणी होती. मेथडिस्टांचे जॉन व्हिन्सेंट आधी विरोधात होते, मग वळले. दुसरे विरोधक एडवर्ड एगल्स्टन मात्र वळले नाहीत. 1872 साली इंडियानापोलिसच्या अधिवेशनात योजना मंजूर झाली, पाळक आणि सामान्य सभासद अशा दोघांची समिती नेमली गेली आणि 1873 पासून सात वर्षांत सारं बायबल फिरून येईल असा पाठक्रम सुरू झाला. दर रविवारी काही वचनांचा एक भाग आणि पाठ करायला एक सुवर्णवचन. यादी आगाऊ जाहीर होई, आणि सगळी मेख त्या ‘आगाऊ’त आहे. फिलाडेल्फियाच्या छापखान्याला आता ठाऊक होतं की अमुक रविवारी मेथडिस्ट, बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन असे सगळे एकच उतारा उघडणार आहेत. एका टिपणाला सगळ्या पंथांत गिऱ्हाईक मिळालं आणि किंमत उतरली. मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिक गावचे पाळक पेलूबे यांनी 1875 च्या पाठांपासून निवडक टिपणांचं वार्षिक पुस्तक काढायला सुरुवात केली. ते त्यांच्या पश्चातही वर्षानुवर्षं निघत राहिलं. शिकागोत डेव्हिड कुक यांनी स्वस्त पाठपत्रिकांचा धंदा मांडला. व्हिन्सेंट यांनी 1874 मध्ये शटॉक्वा तलावाकाठी शिक्षकांचं शिबिर भरवलं. तिथे काठावर मातीचा पॅलेस्टाइन उभारला होता आणि तलावालाच भूमध्य समुद्र मानलं होतं. नकाशावर बोट ठेवून जे समजत नाही ते किराणा दुकानदाराला त्या टेकड्यांमधून चालताना समजत असावं.

यावर आक्षेप घेतले गेले आणि ते पोकळ नव्हते. उतारे तुटक असत, एका रविवारातून दुसऱ्यात उडी पडे, संदेष्ट्यांचा अखंड युक्तिवाद कुणाच्या हाती लागत नसे. सात वर्षांच्या पोराला आणि साठीच्या म्हाताऱ्याला एकच पाठ देणं तर सरळसरळ चूक होती. म्हणूनच 1908 मध्ये लुईव्हिलच्या अधिवेशनात वयोगटांनुसार वेगळ्या पाठांना मान्यता मिळाली. पण त्यानंतर काय झालं ते पाहण्यासारखं आहे. मुलांचे वर्ग हळूहळू एकसमान पाठांतून बाहेर पडले. हे पाठ टिकले ते प्रौढांच्या वर्गांत, आणि तिथे आजही चालू आहेत. तुटकपणाचा दोष मोठ्यांनी चालवून घेतला, कारण त्यांच्या शिक्षकाला शनिवारी रात्री हातात काहीतरी हवं होतं.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा, आणि जास्त वजनदार. फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ कुठल्या समितीच्या यादीवर बेतलं होतं? ते 1616 मध्ये गोव्यात राशोल इथे छापलं गेलं, चर्चमधून वाचलं जाई, आणि त्यामागे एका माणसाची विद्वत्ता आणि मराठीवरचं प्रेम होतं. हे मान्य. पण 1649 आणि 1654 च्या आवृत्त्यांनंतर ते पुन्हा छापायला 1907 साल उजाडलं, तेही मंगळूरला. मधल्या काळात हस्तलिखितांनी ते जगवलं. पंडिता रमाबाईंचंही तसंच. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबल आणलं आणि ते केडगावच्या मुक्ती मिशनमध्येच छापलं गेलं. हे डोंगराएवढं काम. मात्र असं काम एकेकदाच होतं, आणि दर आठवड्याला एका उताऱ्यावर चार प्रश्न काढून देणं हे त्याचं कामही नव्हे. ते वेगळं, हलकं, रोजंदारीचं लेखन आहे. ते करणारा माणूस तेव्हाच बसतो जेव्हा कुठला उतारा कधी शिकवला जाणार हे त्याला माहीत असतं. ल्यूथरनेही प्रवचनमाला लिहिली ती सामान्य पाळकांसाठी आणि चर्चच्या वर्षातले नेमलेले उतारे समोर ठेवून.

मराठीत संपूर्ण बायबल एकोणिसाव्या शतकापासून आहे, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 पासून. भारतातल्या संडे स्कूलांची संघटना 1876 मध्ये अलाहाबादला स्थापन झाली. तेव्हा प्रौढ वर्गासाठी मराठीत काही मिळत नाही ही तक्रार आता नुसती प्रकाशकाकडे नेऊन भागणार नाही. नगरच्या, पुण्याच्या, मुंबईच्या मंडळ्यांनी पंथ बाजूला ठेवून पुढच्या वर्षाचे बावन्न उतारे आधी ठरवावेत आणि यादी सहा महिने अगोदर छापून वाटावी.